पाव फेरा

१

रविवार म्हणजे फेऱ्याचा दिवस. काचघरातली प्रत्येक कुंडी त्या दिवशी पाव फेरा वळवायची, एवढंच ते काम. पण दोघी बहिणींनी सव्वीस वर्षांत ते एकदाही चुकवलं नव्हतं. काचघराला उजेड एकाच बाजूने, रस्त्याकडून. मागे भिंत. कुंडी जागची हलवली नाही तर झाड उजेडाकडे झुकतं, एका अंगाने भरतं आणि दुसऱ्या अंगाला टक्कल पडतं, आणि तसं झाड कुणी फुकटसुद्धा नेत नाही. म्हणून प्रत्येक कुंडीच्या काठावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. या रविवारी ठिपका दाराकडे, पुढच्या रविवारी रस्त्याकडे, मग पाण्याच्या टाकीकडे, मग भिंतीकडे आणि पुन्हा दार. आज कोणती बाजू, ते दाराशेजारच्या पाटीवर खडूने लिहिलेलं.

त्या रविवारी पाटीवर ‘रस्ता’ होतं. ताईने ते गुरुवारीच लिहून ठेवलं होतं, इस्पितळात जायच्या आधी. पित्ताशयातले खडे काढायचे होते, चार दिवसांचं काम. निघताना ती धाकटीला म्हणाली होती, “विसरशील म्हणून लिहिलंय. आणि माझ्या बाकाला पाणी घालू नकोस. आल्यावर मी बघेन.”

धाकटी एक्कावन्न वर्षांची होती. तिला अजून सगळे धाकटीच म्हणत.

काचघर दोघींचं असलं तरी आत सरळ वाटणी होती. भिंतीकडचा बाक ताईचा. त्यावर निळ्या कांड्या, बोटासारख्या जाड निळसर पानांच्या, आणि वर आकड्यांना टांगलेल्या मोत्यांच्या माळा. हिरव्या वाटाण्याएवढे मणी, दोऱ्यासारख्या देठावर ओवल्यासारखे, कुंडीतून हातभर खाली लोंबणारे. दिसायला दागिना, पण कूळ शेवंतीचं. ताई गिऱ्हाइकांना सांगायची, “शेवंतीची चुलत बहीणच ही. फक्त हिने नटायचं ठरवलं.” रस्त्याकडचा बाक धाकटीचा. तिची झुडपंही त्याच कुळातली, रुपेरी पानांची आणि पिवळ्या फुलांची, दणकट, जड कुंड्यांमधली. ती वाढायची, फुलायची, विकलीही जायची. पण दारातून आत आलेलं माणूस धाकटीच्या झुडपांना वळसा घालून पुढे जायचं आणि विचारायचं, “ताई नाहीत का?”

भिंतीकडच्या शेवटच्या आकड्याला आईची माळ होती. चाळीस वर्षांची. ताईच्या बाकावरची प्रत्येक माळ तिच्यापासून झालेली. आईने जाताना घर धाकटीला दिलं आणि माळ ताईला. लोकांना वाटलं, धाकटीची चांदी झाली. धाकटीला तसं कधीच वाटलं नाही. तिने ताईच्या नकळत तीनदा जमिनीवर गळून पडलेले तुकडे उचलून लावून पाहिले होते. तिन्ही कुजले. ताईला ते कसं कोण जाणे कळलं होतं. “तुझ्या हाताला येत नाही गं ती,” ती म्हणाली होती. “लाडाने कुजवतेस तू. तिला जरा विसरावं लागतं.”

तेव्हा त्या रविवारी, काचघर एकटीचं असताना, धाकटीने फेऱ्याला हात घालण्याआधी स्टूल ओढलं. ताईची सुरी ताईच्या बाकावर होती, डावखुऱ्या माणसाची, मूठ उलट्या अंगाने झिजलेली. सव्वासातला कलमांच्या वाफ्यावरचा फवारा आपोआप लागला, पाच मिनिटं फुसफुसला आणि थांबला. काचांवर वाफ धरली. धाकटी स्टुलावर चढली, आईच्या माळेतली मधली, सगळ्यांत भरलेली लड बोटात धरली आणि वीतभर कापली. कापताना कट् असा बारीक आवाज झाला. लड तिने जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली. कापलेली जागा सुकू द्यायची असते, पाच दिवस. ओली लावली की कुजते. हे तिला ताईने शिकवलं होतं.

मग ती खाली उतरली, हात पुसले, आणि दारात मास्तर उभे होते.

मास्तर म्हणजे तिचा नवरा, शाळेतून निवृत्त झालेला चित्रकलेचा शिक्षक. एरवी दारातूनच ओरडायचे, “आत येऊ की परवाना काढू?” आज ते न विचारताच आत आले. हातात फोन होता.

“ताई गेल्या,” ते म्हणाले.

“कुठे?” धाकटीने विचारलं.

रक्ताची गाठ, असं डॉक्टर म्हणाले होते. सात वाजून वीस मिनिटांनी.

धाकटीने फवाऱ्याकडे पाहिलं. नळीच्या तोंडाशी शेवटचा थेंब अजून लोंबत होता.

२

आठवडा माणसांत गेला. येणारे येत होते, बसत होते, ताईबद्दल बोलत होते. धाकटीबद्दल बोलताना म्हणत, “आता तुम्हालाच बघायचं सगळं.” त्यात शंका असायची. ती तिला ऐकू यायची.

पुढच्या रविवारी तिने काचघर उघडलं. मागचा फेरा झालाच नव्हता. म्हणजे सगळे ठिपके अजून दाराकडे असणार, आज दोन फेरे एकदम द्यायचे. पाटीवर ‘रस्ता’ तसंच होतं, ताईच्या डाव्या हाताचं, मागे कललेलं.

तिच्या स्वतःच्या बाकावरचे ठिपके दाराकडेच होते.

ताईच्या बाकावरचे टाकीकडे होते.

एकूण एक. कांड्यांच्या बासष्ट कुंड्या आणि वर टांगलेल्या माळा. चुकलेला रविवारसुद्धा भरून काढलेला. धाकटी बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. ठिपके एका रेषेत होते, सुतात धरल्यासारखे. तिच्या स्वतःच्या हातून कधीच इतके नेटके वळत नसत, हा विचार तिच्या मनात सगळ्यांत आधी आला.

“अहो, फेरा तुम्ही केलात?”

“मी?” मास्तर दारातच थांबले. “मला ते तुमचं दार-टाकी कधी कळलंय का? तूच केला असशील. आठवड्यात धड झोपलीस कुठे तू? परवा मीठ समजून साखर घातलीस.”

“मी केला असता तर माझ्या कुंड्या सोडल्या असत्या का?”

मास्तरांनी दोन्ही बाकांकडे पाहिलं. “ताईंच्या तेवढ्या केल्यास,” ते हळू आवाजात म्हणाले. “साहजिक आहे गं.”

ते पटण्यासारखं होतं. दुःखात माणूस काय काय करतं आणि विसरतं. धाकटीने ते स्वतःला पटवलंही. पण कामाला लागल्यावर, आपल्या जड कुंड्या एकेक करून कण्हत वळवताना, तिला जे वाटत होतं ते भय नव्हतं. तिला राग येत होता. कुणी केलं असेल ते असो, तिचा बाक तेवढा सोडला होता.

मेल्यावरसुद्धा तुझं-माझं? असं तिच्या मनात आलं. आणि आपण असं का म्हटलं, याचं तिला नंतर आश्चर्य वाटलं.

३

तिने काचघराला कुलूप घातलं. किल्ली एकच होती; ती तिने एप्रनच्या आतल्या खिशात ठेवली आणि एप्रन उशाशी. फरशीवर दारापासून बाकापर्यंत कुंडीत घालायची बारीक पांढरी खडी पातळ पसरली, चाळणीने चाळून, पिठासारखी. मांजरीचा पायसुद्धा उमटला असता.

रविवारी खडी तशीच होती. ताईच्या बाकावरचे ठिपके भिंतीकडे होते.

धाकटी बराच वेळ दारात उभी राहिली. मग विचार करू लागली. टांगलेली कुंडी दोरीच्या पिळाने आपोआप वळते, ठीक. पण बाकावरची? बाक हलतो म्हणावं, रस्त्यावरून जड गाड्या जातात. पण मग धाकटीचा बाक रस्त्याला जास्त जवळ. आणि गाडीच्या हादऱ्याने वळणारी कुंडी बरोबर पाव फेरा वळून थांबेल कशाला?

अकराच्या सुमारास डॉक्टरीणबाई आल्या. दवाखान्याच्या दारात ठेवायला दर दोन महिन्यांनी काहीतरी न्यायच्या. आत शिरल्या, धाकटीच्या पिवळ्या झुडपांना वळसा घालून भिंतीकडे गेल्या आणि तिथे दोन्ही हात जोडल्यासारखे धरून उभ्या राहिल्या.

“काय आल्यात हो या! ताईंचा हात म्हणजे... बघा, अजून कळतो.”

“दोन आठवडे मी बघतेय त्यांना,” धाकटी म्हणाली.

“हो, हो, तुम्हीच. पण तुम्ही त्यांच्या हाताखाली शिकलात ना.” डॉक्टरीणबाईंनी वास घेतला. “दालचिनी कुठे ठेवलीये का?”

आईच्या माळेला फुलं आली होती. बारीक, पांढरट, गोंड्यासारखी. त्या फुलांना दालचिनीचा वास असतो. पण त्यांचा मोसम नव्हता. कापलेल्या लडीच्या तुटक्या टोकाशी, नेमकं तिथे, सगळ्यांत मोठा गोंडा होता.

वर्तमानपत्रावर ठेवलेली लड त्या धांदलीत ती विसरूनच गेली होती. डॉक्टरीणबाई गेल्यावर तिला आठवली. चौदा दिवस झाले होते; मणी सुरकुतून बेदाणे व्हायला हवे होते. ते टचटचीत होते. धाकटीने पाहिलं, कापलेल्या टोकाला मुळ्या सुटल्या होत्या, पांढऱ्या, केसासारख्या.

तिला इतका आनंद झाला की ती तिथेच खाली बसली. शेवटी. तिच्या हाताने कापलेली, तिच्या हाताखाली मूळ धरलेली. विसरावं लागतं, ताई म्हणाली होती, आणि तिला विसरायला ताईचं मरण लागलं, हेही तिच्या लक्षात आलं. पण ते तिने बाजूला सारलं. काचघरात ठेवायला नको म्हणून तिने लड एका लहान मातीच्या कुंडीत लावली आणि घरात आणली, स्वयंपाकघराच्या खिडकीत, ओट्याच्या वर. मास्तरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, “अशीच. गळून पडली होती.”

ते तिचं लग्नातलं पहिलं खोटं नव्हतं. पण या वेळी तिला उगाच मागे वळून पाहावंसं वाटलं.

४

चौथ्या रविवारी ती काचघरात गेलीच नाही. काय झालं असेल ते तिला माहीत होतं. ताईचे ठिपके दाराकडे आले असणार आणि तिचे जिथल्या तिथे. तिने चहाचं आधण ठेवलं आणि खिडकीकडे पाहिलं.

लहान कुंडीच्या काठावर पांढरा ठिपका होता.

तिने त्या कुंडीला ठिपका लावलाच नव्हता. एकच कुंडी, खिडकीत; लावायचा कशाला? ठिपका गोल होता, काडीच्या टोकाने लावलेला, आणि दाराकडे होता. तिने बोट लावून पाहिलं. वाळलेला. चहा उतू गेला.

“अहो, तुमचा पांढरा रंग कुठे आहे?”

काचघराचे सगळे ठिपके आजवर मास्तरांच्या रंगाचे. मास्तर माळ्यावर चढले आणि डबा घेऊन उतरले. झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटावं लागलं. आत रंगावर जाड साय धरली होती, वर्षभराची तरी, कुठे टोचल्याची खूण नाही.

“का गं?”

“काही नाही. विचारलं.”

“तुझं चाललंय काय?” मास्तर स्टुलावर बसले, डबा मांडीवर. “धाकटे, मला त्या गेल्याचं वाईट वाटतंय तर तू माझ्याकडे बघतेसही नाहीस. तुला वाईट वाटतंय तर मला बोलू देत नाहीस. एका घरात दोघंजण दोन वेगळ्या माणसांसाठी रडल्यासारखं झालंय.”

“तुम्हाला फारच वाईट वाटतंय.”

“वाटणारच. सव्वीस वर्षं रोज सकाळी काचघराच्या दारात चहा प्यायलो आम्ही.”

“हो. मी आत मातीत असायचे तेव्हा.”

मास्तरांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. “तू यायची नाहीस,” ते म्हणाले. “तीन कप आणायचो मी. तुझा गार व्हायचा.”

ते खरं होतं. दारात दोघांचं हसणं चालायचं, काचेतून ऐकू यायचं, आणि धाकटी मुद्दाम पाठ करून माती चाळत बसायची. कुणी येऊन हाताला धरून नेईल म्हणून. कुणी नेलं नाही. वर्षानुवर्षं तीन कप यायचे आणि एक गार व्हायचा. ताई गेल्यापासून मास्तर दोनच आणत, आणि ते दोघं ते स्वयंपाकघरात पीत.

रात्रभर धाकटीला लहान कुंडीचा विचार सुटला नाही. ठिपका म्हणजे खूण. ठिपका ज्याने लावला त्याची कुंडी. म्हणजे तिच्या हाताने रुजलेली एकुलती एक गोष्ट, तीही तिची नव्हतीच. ताईने घरात येऊन, ओट्यापाशी उभं राहून, ती आपल्या नावावर करून घेतली होती.

सकाळी तिने टर्पेंटाइनचा बोळा घेऊन तो ठिपका पुसला. कुंडीचा काठ लाल झाला तितका घासला. ठिपका गेला.

५

“लाथा मारतेस की काय झोपेत?” पाचव्या रविवारी मास्तर म्हणाले. ते पलंगाच्या अगदी काठावर, एक पाय जमिनीवर टेकवून, कसेबसे झोपले होते. “ही काय झोपायची तऱ्हा?”

धाकटीने डोळे उघडले. तिचे पाय नेहमी दाराकडे असत. आज ते रस्त्याकडच्या खिडकीकडे होते. ती पलंगावर आडवी होती, सरळ, हात अंगाला चिकटलेले, आणि पांघरूणही तिच्याबरोबर तसंच आडवं, एक सुरकुती नाही.

“झोपेत वळले असेन,” ती म्हणाली.

“वळतानाही पांघरूण विस्कटतं, धाकटे.”

त्या आठवड्यात ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, होतं असं, धक्का बसला की. झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती गाढ झोपली. सहाव्या रविवारी जागी झाली तेव्हा उशी तिच्या पायांखाली होती, डोकं पायथ्याशी, आणि मोकळ्या पावलांना मागच्या बाजूने टाकीचा गारवा लागत होता. घरात दालचिनीचा वास होता.

मास्तर आधीच उठून खुर्चीत बसले होते. हसत नव्हते.

“मानेवर काय लागलंय तुझ्या?” ते म्हणाले. “नाही, मागे. केसांखाली. थांब.”

त्यांनी थुंकी लावून अंगठ्याने घासलं. मग टर्पेंटाइन आणलं. मान भाजल्यासारखी झाली.

“जात नाही?”

“नाही.”

“काय आहे?”

“ठिपका आहे,” मास्तर म्हणाले. ते चष्मा लावून जवळून पाहत होते; त्यांचा श्वास तिला मानेवर लागत होता. मास्तर घाबरले की शिक्षक व्हायचे. “पांढरा. गोल. एका टेकवणीत लावलाय, कडा कुठे फाटली नाही. ज्याने लावला त्याचा हात...” आणि ते थांबले.

धाकटी ओंजळीत तोंड घेऊन बसली. तिला भीती वाटायला हवी होती आणि वाटतही होती. पण त्या भीतीच्या खाली, लाज वाटावी असं, काहीतरी ऊबदार होतं. पाच आठवडे ताईने आपल्या सगळ्या झाडांना हात लावला होता आणि एका तिला सोडलं होतं. आता सोडलं नव्हतं.

मग तिला पुढचं सुचलं. झाड वळवतात ते एका अंगाने झुकू नये म्हणून. आपण कशाकडे झुकत होतो, हे ताईला काचघरात एवढी वर्षं दिसत असणार. आणि त्या सकाळी सात वीसला, सुरी आपल्या हातात असतानाही दिसलं असेल.

६

सातवा रविवार भिंतीचा होता. तिचे पाय भिंतीला टेकले होते. तिने पाहिलंही नाही. उठली, अंघोळ केली आणि पुढचा आठवडा ठरवण्यात घालवला.

कुंडी परत करायची. आईच्या माळेशेजारी एक आकडा रिकामा होता. तिथे टांगायची आणि तोंडाने सांगायचं, मी कापली. तू गेलीस तेव्हा मी तुझ्या स्टुलावर होते, तुझी सुरी माझ्या हातात होती. एवढंच. मास्तरांनासुद्धा तिने ते सांगितलं नव्हतं. सांगितलं की संपेल, असं तिला वाटत होतं. काय संपेल, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

आठव्या रविवारी, दाराच्या रविवारी, ती सात वाजता काचघरात गेली. लहान कुंडीला सुतळीचा फास बांधून आणला होता. लड आता दीड वीत झाली होती, मणी भरदार, हिरवेगार. बाकावर ताईचे ठिपके अजून भिंतीकडे होते. म्हणजे व्हायचं होतं. धाकटीने स्टूल ओढलं. ते गोल बैठकीचं, मळसूत्रावर फिरणारं स्टूल. ताई त्यावर बसून गरगर फिरत काम करायची. आधी क्षणभर बसावं म्हणून धाकटी त्यावर बसली, भिंतीकडे तोंड करून, आईच्या माळेसमोर, कुंडी मांडीवर. पाय जमिनीवर घट्ट टेकवले.

सव्वासातला फवारा लागला. फुसफुस, फुसफुस. काचा पांढऱ्या झाल्या. तिने मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते पुन्हा म्हणून पाहिलं. समोर आईच्या माळेची कापलेली लड होती, आणि तिच्या टोकाचा गोंडा किंचित हलत होता.

फवारा थांबला.

मातीचा ओला वास आला, आणि दालचिनीचा. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुंडी घासल्याचा आवाज झाला. खर्र. मग दुसरी. खर्र. घाई नव्हती. आवाज एकेका कुंडीने जवळ येत होता, आणि धाकटी मोजत होती, कारण मोजलं की बाकी काही करावं लागत नाही. एकसष्ट. बासष्ट. वरच्या माळा एकामागून एक सुतळीवर कुरकुरल्या. आईची माळ तिच्या डोळ्यांसमोर पाव फेरा वळली आणि थांबली. तिला कुणाचा हात दिसला नाही.

मग तिच्या डाव्या खांद्याला मागून एक अंगठा लागला आणि पुढून चार बोटं. डावा हात. कुंडी धरतात तसा, काठाशी, झाडाला न दुखवता. नखात माती होती. ती तिला कापडातून टोचली. पाय टेकवलेले होते तरी स्टूल वळलं. भिंत डोळ्यांसमोरून सरकत गेली, आणि दार आलं.

दारात मास्तर होते. हातात ट्रे. ट्रेमध्ये तीन कप.

मास्तर धाकटीकडे पाहत नव्हते. ते तिच्या खांद्याच्या जरा वर, जरा मागे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू होतं, जे तिने सव्वीस वर्षं फक्त काचेतून ऐकलं होतं, पाहिलं पहिल्यांदाच. ते इतकं साधं होतं. “आत येऊ की परवाना काढू?” ते म्हणाले. एक कप त्यांनी बाकावर, सुरीशेजारी ठेवला, कान डावीकडे करून.

हात अजून तिच्या खांद्यावर होता. कशाची तरी वाट पाहत होता. मान वळवली असती तर दिसलं असतं. तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं. वाक्य तयार होतं. धाकटीने मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मांडीवरची कुंडी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली, इतकी की दोन मणी फुटले आणि त्यांचा रस एप्रनमध्ये उतरला.

नाही, असं तिला वाटलं. हे तरी ताईला द्यायचं नाही.

काही वेळाने खांद्यावरचं वजन गेलं. मास्तरांनी डोळे चोळले आणि ट्रेकडे पाहिलं.

“तीन का आणले मी?” ते म्हणाले. “सवय बघ.” मग बाकाकडे पाहून म्हणाले, “आणि तो तिथे कुणी ठेवला?”

“तुम्हीच,” धाकटी म्हणाली. तिने आपला कप उचलला. चहा गरम होता.

त्याला आता पाच महिने झाले. ताईच्या बाकावरच्या माळा उत्तम आहेत. डॉक्टरीणबाई आणखी दोन घेऊन गेल्या. फेरा दर रविवारी वेळेवर होतो. मास्तर दुसऱ्या खोलीत झोपतात. रविवारी सकाळी येऊन धाकटीचे पाय कोणत्या बाजूला आहेत ते पाहतात आणि पाटीवर तेच लिहितात. रस्त्याकडच्या बाकाला कुणी हात लावत नाही. तिथली झुडपं उजेडाकडे झुकली आहेत.

लहान कुंडी ओट्यावरच्या खिडकीत आहे. तिच्यावर पुन्हा ठिपका उमटलेला नाही. लड चांगली हातभर झाली आहे. आईच्या माळेशेजारचा आकडा रिकामा आहे. कुंडी टांगायची राहिली आहे.